कान ठणठणीत

डॉक्टर तळावलीकर म्हणाली, कान ठणठणीत आहेत.
भिंतीत किडा चालला तरी ऐकू येईल तुम्हांला.
मग दोन पानी कागद पुढे सरकवला :
अनोळखी माणसांत रमता का?
क्षुल्लक गोष्ट मनात किती दिवस राहते?
शेजारचा जेवताना तोंडाचा आवाज करत असेल तर...
पुढचं मी वाचलंच नाही,
'फार' वर खूण केली.

ह्यांनाही दिला एक, गंमत म्हणून.
सत्तावीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनापाशी काढलेला माणूस,
पेनसुद्धा पान्यासारखं धरतो.
भराभर लिहीत गेले : नाही, नाही, नाही.
चवथीला दाराशी फटाक्यांची माळ फुटते, हे घोरतात.
आपोलीनचा धाकटा कॉर्नेटवर एकच ओळ
तीन महिने त्याच जागी चुकतो आहे,
तो कॉर्नेट वाजवतो हेच ह्यांना ठाऊक नव्हतं.

आणि मी.
मला फ्रिजनं कूस बदलली तरी कळतं.
पोदेराचा पोंपों अजून खालच्या वाड्यावर असतो
तेव्हाच माझ्या पोटात खड्डा,
आणि ती उंड्यांची भूक नव्हे.
सुनेनं डाव ओट्यावर ठेवला की आपटला
ह्यात एका केसाचं अंतर,
तो केस मी रात्रभर विंचरत बसते.
सकाळी ती विचारते, आई, डोळे का लाल?
बिचारीचा हात ओला होता, डाव निसटला होता.

डॉक्टर म्हणाली, काहींच्या मनाचा राखणदार झोपत नाही.
दोष म्हणू नका, घडण म्हणा.
जिना उतरताना मी म्हटलं, म्हणजे स्वभाव.
म्हणजे औषध नाही.
हे म्हणाले, चारशे रुपये गेले.

पण एक प्रश्न ह्यांनी कोरा सोडला होता.
मी चोरून पाहिला :
चालू असलेला आवाज अचानक थांबला, तर कसं वाटतं?

निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात
हे रात्री दोनला उठून बसायचे.
कितें जालें?
काही नाही, बंद पडलं.
काय बंद पडलं, ते त्यांनी सांगितलं नाही.
उठून पंखा पाचावर केला, ऐन पौषात,
आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.
मी दुसरी चादर काढली.
पंख्याची एक पात जरा लचकते,
दर फेरीला टक्. पहाटेपर्यंत मोजत होते.

रायबंदरच्या धक्क्यावर बोट लागलेलीच होती.
स्कूटर, मासळीच्या पाट्या, कॉलेजची पोरं,
सगळ्यांच्या पायांखालून ती धडधड
दातांत चढत होती माझ्या.
हे कठड्याला टेकून उभे, मान थोडी कलती.
नदीच्या मध्यावर म्हणाले,
तिसऱ्या सिलिंडरला खोकला झालाय.
मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.
मी, जिला फ्रिजची कूस कळते.
एवढ्या गदारोळात ह्यांनी एक खोकला वेगळा काढला
आणि चेहऱ्यावर काळजी होती,
आजारी पोराच्या उशाशी असते तशी.

चोडणचं पाणथळ जवळ आलं, खारफुटीचा वास.
इंजिनचा सूर उतरला.
आता ती लोखंडी फळी धक्क्यावर आदळणार,
मी खांदे कानांपर्यंत नेले.
आणि हे, पाण्याकडेच बघत, हळूच म्हणाले,
"आता."
धाड्.

खांदे उतरले. दचकले नव्हते मी.
लग्नाला एकतीस वर्षं झाली, कितीदा ही नदी ओलांडली,
हे नेहमीच 'आता' म्हणत आले होते की आजच,
ते मला आठवेना.
ऐकू येणारीला ऐकू आलं नव्हतं
की ते म्हणालेच नव्हते?
विचारलं नाही.

घरी सुनेनं कुकर लावला होता.
हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले,
मान तशीच कलती.
"आता," म्हणाले.
काही झालं नाही.
"आता," पुन्हा.
सून हसली, मीही.
शिट्टी झाली ती आम्ही हसत असताना,
मी दचकले,
आणि हे म्हणाले, ह्याचं इंजिन मला समजत नाही.